नव्या हार्ड डिस्क लावल्या आणि संगणक सुरू होईना

कला शाखेच्या वार्षिकांकात संगणकाच्या पोटातील तारांवर लेख यावा, हे काही वाचकांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. कविता, ललित लेख, एखादे प्रवासवर्णन ही आपल्या अंकाची नेहमीची सामग्री. परंतु आज आपल्या प्रत्येक विभागात एकतरी संगणक आहे. आपले शोधनिबंध, क्षेत्रकार्याची टिपणे, छायाचित्रे व ध्वनिमुद्रणे त्याच्याच पोटात साठविलेली असतात. ते पोट भरले, की नवी हार्ड डिस्क घेतली जाते. ती बसविल्यावर यंत्र सुरूच झाले नाही, तर आपण सारे विज्ञान शाखेच्या इमारतीकडे पाहू लागतो. यंदा पोळ्यानंतरच्या आठवड्यात आमच्या विभागात नेमके हेच घडले, आणि तीन दिवस त्या यंत्राशी झगडण्याचे काम माझ्याकडे आले. त्यात जे समजले ते माझ्यासारख्याच, म्हणजे ज्यांनी अकरावीपासून भौतिकशास्त्राशी फारकत घेतली त्यांना कळेल अशा भाषेत मांडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम त्या संगणकात काय होते ते सांगितले पाहिजे. त्याखेरीज पुढची घालमेल कळावयाची नाही. आमच्या विभागातील विद्यार्थी गेली कित्येक वर्षे सुट्टीत आपापल्या गावी जाताना ध्वनिमुद्रक घेऊन जातात. पोळ्याच्या तोरणाखाली म्हटल्या जाणाऱ्या झडत्या, भुलाबाईची गाणी, जात्यावरच्या ओव्या, दंडारीतील संवाद, दिग्रस-पुसदकडच्या तांड्यांवरील होळीची लेंगी गीते, मारेगाव व झरी जामणी तालुक्यांतील कोलाम पोडांवरच्या कथा असा तो संग्रह आहे. कोलामी ही द्राविडी कुळातील भाषा. एमेनो या अमेरिकेतील भाषाशास्त्रज्ञाने तिचे व्याकरण १९५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले होते. पण व्याकरणात आवाज नसतो. आमच्या संग्रहात तो आहे. ज्यांची गाणी आम्ही उतरवून घेतली त्यांपैकी चारपाच वृद्ध स्त्रिया आज हयात नाहीत. हा सर्व ऐवज एका जुन्या, पाचशे जीबीच्या हार्ड डिस्कवर होता, आणि ती डिस्क काठोकाठ भरत आली होती.

म्हणून महाविद्यालयाने चार-चार टीबीच्या दोन नव्या डिस्क मंजूर केल्या. शनिवारी दुपारी दुकानाचा माणूस आला, त्याने कॅबिनेट उघडले, दोन्ही डिस्क रिकाम्या जागी स्क्रूने आवळल्या, तारा जोडल्या व बटण दाबले. पंखा फिरला, दिवा लागला, कंपनीचे बोधचिन्ह उमटले. नंतर काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली: ‘रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’. म्हणजे, पुन्हा चालू करा आणि बूट होण्याजोगे योग्य साधन निवडा. चारदा बंद-चालू केले, तरी तीच ओळ.

“काहून बंद पडलं जी हे?” असे आमच्या शिपाईकाकांनी विचारले. प्रश्न अगदी रास्त होता, आणि खरे म्हणजे यंत्र बंद पडलेच नव्हते. ते बोलत होते. मला जे हवे आहे ते मी जेथे शोधतो आहे तेथे नाही, असे ते सांगत होते. हे समजण्यासाठी संगणक सुरू होतो म्हणजे काय होते, ते थोडे विस्ताराने पाहू.

‘बूट होणे’ हा शब्दप्रयोग भाषेच्या विद्यार्थ्याला आवडावा असा आहे. उंच बुटाच्या मागच्या बाजूला चामड्याचा एक पट्टा असतो. तो धरून बूट पायात चढवितात. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला उचलणे, असा एक वाक्प्रचार एकोणिसाव्या शतकात इंग्रजीत अशक्य गोष्टीबद्दल वापरीत. संगणकापुढे रोज सकाळी हीच अशक्य गोष्ट उभी असते. विंडोजसारखी जी मुख्य प्रणाली यंत्राचा सर्व कारभार पाहते, ती हार्ड डिस्कवर साठविलेली असते. डिस्क वाचावयाची तर कोणता तरी प्रोग्रॅम हवा, आणि तो प्रोग्रॅम तर डिस्कवरच! वाड्याची किल्ली वाड्यातच राहून दार लागावे, तसा हा प्रकार. यावर तोड अशी, की एक लहानसा प्रोग्रॅम मदरबोर्डवरील एका चिपमध्ये कायमचा बसविलेला असतो. वीज आली, की तो आपोआप जागा होतो. जुन्या यंत्रांत त्याला ‘बायोस’ म्हणतात. नव्या यंत्रांत त्याची जागा ‘यूईएफआय’ने घेतली आहे.

हा बायोस आधी घरातली माणसे मोजतो: मेमरी आहे का, कीबोर्ड आहे का, पडदा आहे का. मग आपल्याजवळच्या यादीप्रमाणे डिस्ककडे जातो आणि तिचे अगदी पहिले पान, म्हणजे पहिले ५१२ बाइट वाचतो. या पानाला ‘मास्टर बूट रेकॉर्ड’, संक्षेपाने ‘एमबीआर’, असे नाव आहे. त्यातील पहिल्या ४४६ बाइटांत पुढचा मार्ग दाखविणारा छोटा प्रोग्रॅम असतो, नंतरच्या ६४ बाइटांत डिस्कचे जास्तीत जास्त चार भाग कोठून सुरू होतात व केवढे आहेत याचा तक्ता असतो, आणि शेवटच्या दोन बाइटांत शिक्का असतो. तो शिक्का म्हणजे ‘५५ एए’ ही खूण. ती दिसली, की बायोस त्या प्रोग्रॅमच्या हाती सूत्रे सोपवून बाजूला होतो. तो प्रोग्रॅम विंडोजला जागे करतो. खूण दिसलीच नाही, तर हे साधन बूट होण्याजोगे नाही असे बायोस समजतो. पाचशे बारा बाइट म्हणजे या लेखातील दोन-तीन ओळींएवढा मजकूर. तेवढ्यावर सारे अवलंबून!

यावरून एक गोष्ट स्पष्ट होईल. ‘सुरू होत नाही’ ही एकच तक्रार नसून त्या निरनिराळ्या अवस्थांतील निरनिराळ्या तक्रारी आहेत. बटण दाबूनही पंखा फिरत नाही, किंवा फिरून लगेच थांबतो, तर प्रश्न विजेचा. पंखा फिरतो पण पडदा कोरा राहतो, किंवा आतून बीप-बीप असा आवाज येतो, तर बायोसची मोजणीच पुरी झालेली नाही. काम करताना मेमरीची पट्टी अथवा एखादी तार हलली असेल. बोधचिन्ह येऊन तेथेच यंत्र गोठते, तर कोणती तरी डिस्क ओळखताना बायोस अडखळला आहे. बोधचिन्ह येऊन गेले आणि वरच्यासारखी इंग्रजी ओळ आली, तर मोजणी उत्तम झाली, फक्त शिक्क्याचे पान सापडले नाही. आणि विंडोजचे चिन्ह दिसून मग निळा पडदा आला, तर पान सापडले पण पुढचा रस्ता बिघडला. वैद्य नाडी पाहण्याआधी रोग्याला विचारतो, केव्हापासून व कोठे दुखते. तसे येथे यंत्र कोठपर्यंत येऊन थांबले, हे प्रथम पाहावे. पडद्यावरची ओळ जशीच्या तशी कागदावर उतरवून घ्यावी. ‘काहीतरी एरर आली’ असे फोनवर सांगून आजवर कोणाचे भले झालेले नाही.

आता दुकानातून आलेल्या गृहस्थांचा सल्ला सांगतो. “फॉरमॅट मारून टाकू जी. अर्ध्या घंट्यात सारं नवं करून देतो.” त्यांचा हेतू वाईट नव्हता. गावोगावी हेच रामबाण औषध चालते, आणि घरच्या यंत्रात दोन सिनेमे व लग्नाचे फोटो यांपलीकडे काही नसेल तर ते चालूनही जाते. परंतु फॉरमॅट करावयाची ती कोणती डिस्क? विंडोज ज्या डिस्कवर तीच. म्हणजे ओव्या, झडत्या आणि कोलामी कथा ज्या डिस्कवर तीच. शिवाय शनिवारी सकाळपर्यंत त्या डिस्कवरून यंत्र बिनतक्रार चालत होते. दुपारी बदल एकच झाला: दोन नव्या डिस्क आल्या. मग औषध जुन्या डिस्कला का द्यावयाचे? आमच्या विभागप्रमुख मॅडमनी त्या गृहस्थांना चहा पाजला, त्यांचे आभार मानले आणि कॅबिनेट उघडेच ठेवून त्यांना निरोप दिला.

लीळाचरित्राची मूळ प्रत धाडीत गेली आणि पुढे महानुभावांना स्मरणातून पाठ उभे करावे लागले, ही हकीकत आपण प्राचीन वाङ्मयाच्या तासाला ऐकतो. तेथे निदान ज्यांना लीळा मुखोद्गत होत्या अशी माणसे होती. आमच्या ध्वनिमुद्रणांतील आजीबाईंच्या ओव्या कोणालाच मुखोद्गत नाहीत.

तपासाला मी जी पद्धत लावली ती आमच्याच अभ्यासक्रमातली आहे. पाठचिकित्सेत आपण दोन पोथ्या समोरासमोर ठेवतो आणि भेद कोठून सुरू झाला हे शोधतो. येथेही शनिवार सकाळचा पाठ शुद्ध होता आणि शनिवार दुपारचा भ्रष्ट. तेव्हा प्रथम शुद्ध पाठाकडे जावयाचे. यंत्र बंद केले, भिंतीतील पिन काढली, पिन काढल्यावर बटण पाच सेकंद दाबून धरले म्हणजे आत उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावून अंगावरील स्थितिक विद्युत घालविली. नंतर दोन्ही नव्या डिस्कच्या दोन-दोन तारा काढल्या: एक सात टोकांची, बारीक, माहिती वाहणारी, दुसरी पंधरा टोकांची, जराशी रुंद, वीज आणणारी. जुन्या डिस्कला हात लावला नाही. पेन-ड्राइव्ह वगैरे बाहेरचे काही जोडलेले नाही याचीही खात्री केली, कारण विसरलेला पेन-ड्राइव्हदेखील हीच ओळ पडद्यावर आणू शकतो. बटण दाबले आणि विंडोज नेहमीसारखे सुरू झाले.

येथे फार मोठी गोष्ट सिद्ध झाली: जुनी डिस्क धडधाकट आहे. खरे तर दुरुस्ती लगेच पुढे न्यावयाचा मोह होतो. मॅडमचे म्हणणे वेगळे पडले व ते बरोबर होते. आधी त्याच चालू अवस्थेत सर्वांत मोलाची ध्वनिमुद्रणे तीन पेन-ड्राइव्हांवर उतरवून घेतली. त्यात सायंकाळ गेली.

रविवारी एकच नवी डिस्क जोडली. पुन्हा तीच ओळ. म्हणजे दोष विजेचा नसावा, कारण एका डिस्कने एवढा भार पडत नाही; शंका यादीवर आली. यंत्र सुरू होताच ‘डिलीट’ कळ दाबत राहिले, की बायोसचा निळा-करडा पडदा उघडतो. (काही कंपन्यांच्या यंत्रांत ‘एफ२’ किंवा ‘एफ१०’ लागते. कोणती, ते बोधचिन्हाखाली बारीक अक्षरांत लिहिलेले असते आणि नेमके वाचण्याआधी नाहीसे होते!) त्यातील ‘बूट’ या सदरात पहिला क्रम डीव्हीडीचा व दुसरा हार्ड डिस्कचा, असा दिसला. वरकरणी सारे ठीक. खरी मेख आतल्या पोटयादीत होती. आमच्या बायोससारख्या जुन्या बायोसांत मुख्य यादीत हार्ड डिस्कला एकच जागा असते, आणि त्या जागी सर्व डिस्कपैकी कोण बसणार हे वेगळ्या पोटयादीत ठरते. तेथे नव्या डिस्कचे नाव सर्वांत वर होते. मदरबोर्डवरील खाचांना क्रमांक असतात; रिकाम्या असलेल्या पहिल्या खाचेत नव्या डिस्कची तार गेली होती आणि जुनी तिसरीत होती. बायोसने क्रमांकाप्रमाणे नवीला पुढे बसविले, तिचे पहिले पान वाचले, ते कोरे निघाले. जुन्या डिस्कपर्यंत तो गेलाच नाही.

पोटयादीत जुन्या डिस्कचे नाव वर नेले, ‘एफ१०’ने बदल जतन केला, आणि यंत्र एका नव्या डिस्कसह सुरळीत उठले. वाचकांपैकी ज्यांना हा त्रास होईल, त्यांच्यापैकी बहुतेकांचा प्रश्न एवढ्यावरच सुटेल असे मला वाटते. उलट प्रकारही होतो, तोही ध्यानात असावा. लावलेली डिस्क कोरी नसून दुसऱ्या संगणकातून काढलेली असेल, तर तिच्यावर शिक्का असतोच. मग यंत्र तिच्यावरील परके विंडोज उठविण्याचा प्रयत्न करते आणि अर्ध्या वाटेत कोसळते. पाहणाऱ्याला वाटते आपले विंडोज बिघडले. ते बिचारे दुसऱ्या डिस्कवर शांत झोपलेले असते.

नंतर दुसरी नवी डिस्क जोडली, तेव्हा एकदम निराळेच लक्षण दिसले. बटण दाबताच पंखा फिरला, टक् असा आवाज झाला, सर्व विझले, आणि दोन क्षणांनी पुन्हा आपोआप तेच. बोधचिन्हही नाही. काल दोन्ही डिस्क असताना बोधचिन्ह येत होते, मग आज काय झाले? वरची अवस्थांची यादी येथे कामी येते. हा प्रश्न विजेचाच.

हार्ड डिस्कमध्ये धातूच्या किंवा काचेच्या गुळगुळीत तबकड्या असतात व त्या मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरतात. फिरत्या तबकडीला फारशी वीज लागत नाही; साडेतीन इंची डिस्क साधारण पाच ते आठ वॅटवर चालते. पण थांबलेली तबकडी गतीत आणताना पहिले काही सेकंद बारा व्होल्टवर सुमारे दोन अँपिअर, म्हणजे चोवीस वॅटच्या घरात ओढ पडते. भरलेली बंडी एकदा चालू लागली की बैलांना सोपी जाते, जोर लागतो तो पहिल्या हिसक्याला, तसेच हे. जुनी एक आणि नव्या दोन, तिघींनी एकाच क्षणी हिसका दिला. वीज पुरविणारा डबा, ज्याला आपण ‘एसएमपीएस’ म्हणतो, वयाने दशकाच्या पुढे गेलेला. शिवाय दोन्ही नव्या डिस्क एकाच तारेला जोडणी देऊन फोडलेल्या फाट्यावर होत्या. शनिवारी तो डबा कसाबसा तग धरून होता; रविवारी त्याने हात टेकले.

तर्क कितीही पटला तरी पडताळा हवा. शेजारच्या विभागातील बंद पडून असलेल्या संगणकाचा एसएमपीएस, तेथील सरांच्या परवानगीने, तात्पुरता आणून जोडला. तिन्ही डिस्क एका दमात उठल्या. मगच नवा एसएमपीएस विकत आणला. जुना डबा दुकानात उघडून पाहिला तेव्हा आतील दोन कपॅसिटरांची डोकी फुगलेली होती आणि बोटभर धूळ होती. यवतमाळचा उन्हाळा, मार्चपासून पंख्यातून आत ओढली जाणारी धूळ आणि विजेचे चढउतार यांत त्याने इतकी वर्षे काढली हेच विशेष. (एसएमपीएसचा डबा घरी कोणीही उघडू नये. पिन काढल्यावरही आत प्राणघातक दाब राहू शकतो.) त्याबरोबर फाट्याची तारही बाद केली. प्लॅस्टिकमध्ये ओतून बनविलेले असले हलके फाटे तापून वितळल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत.

सोमवारी सकाळी पुन्हा ‘रीबूट अँड सिलेक्ट’! आता मात्र हसूच आले. बायोस उघडून पाहिले, तर पोटयादीत नवी डिस्क परत वर, आणि कोपऱ्यातील घड्याळात कित्येक वर्षांपूर्वीच्या एक जानेवारीची तारीख. रात्री मुख्य बटण बंद केल्यावर यंत्राने सारे विसरून टाकले होते. बायोसची यादी व घड्याळ यांना जागे ठेवते ती मदरबोर्डवरील रुपयाएवढी, तीन व्होल्टची ‘सीआर २०३२’ बॅटरी. ती संपली होती. पूर्वी यंत्रात एकच डिस्क असल्यामुळे विसरण्यासारखे काही नव्हते, म्हणून कोणाच्या ते लक्षात आले नाही. बॅटरी बदलली, आणि तेवढ्यावर न थांबता तारांची अदलाबदल करून जुनी डिस्क पहिल्या खाचेत आणली. आता बॅटरी पुन्हा कधी संपली, तरी क्रमांकाप्रमाणे तीच वर राहील.

तीन दिवसांत तीन कारणे निघाली, आणि तिन्ही निरनिराळी. पडद्यावरचे लक्षण मात्र पहिल्या व तिसऱ्या वेळी अक्षरशः एकच होते. एका वेळी एकच तार जोडली म्हणून ती वेगळी ओळखता आली.

ज्यांच्याकडे नवी यंत्रे आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यूईएफआय पहिल्या पानावर अवलंबून नसते. डिस्कवरील एका लहान विभागात ठेवलेल्या फाइलचा पत्ता ते आपल्या स्मरणात ठेवते, त्यामुळे कोरी डिस्क लावल्याने ते सहसा गोंधळत नाही. पण त्याचे स्वतःचे काही खोडे आहेत. दोन डिस्क लावलेल्या असताना विंडोज बसविले, तर प्रणाली एका डिस्कवर आणि बूटची फाइल दुसऱ्या डिस्कवर जाण्याचा संभव असतो. पुढे ती ‘रिकामी’ डिस्क काढली, की यंत्र उठत नाही. म्हणून विंडोज बसविताना एकच डिस्क जोडलेली असावी. काही मदरबोर्डांवर च्युइंगगमच्या पट्टीसारखी ‘एम.२’ डिस्क बसविली, की साटाच्या एकदोन खाचा आपोआप बंद होतात. तो दोष नसून रचनाच तशी असते, पुस्तिकेत पाहावे. बायोसमध्ये ‘एएचसीआय’ व ‘रेड’ असे पर्याय दिसतील, त्यांना हात लावू नये. ते बदलले तर विंडोज निळा पडदा दाखवून थांबते आणि पूर्ववत केले तर बहुधा पुन्हा चालते. ‘बिटलॉकर’ने कुलूपबंद केलेले यंत्र असल्या बदलांनंतर अठ्ठेचाळीस अंकी किल्ली मागते, ती आधी लिहून ठेवलेली असावी. लिनक्स वापरणाऱ्यांनी डिस्कचा उल्लेख ‘एसडीए’, ‘एसडीबी’ अशा नावाने न करता तिच्या स्थिर ओळख-क्रमांकाने करावा, कारण नवी डिस्क आली की ही नावे सरकू शकतात. फार जुन्या, रुंद पट्टीच्या तारेच्या डिस्क कोणाकडे असतील, तर त्यांच्या पाठीमागील चिमुकल्या जंपरने एकीला ‘मास्टर’ व दुसरीला ‘स्लेव्ह’ ठरवावे लागते. दोघी मास्टर झाल्या तर एकही दिसत नाही.

यंत्र उठले तरी नव्या डिस्क ‘धिस पीसी’मध्ये दिसल्या नाहीत. येथे पुष्कळजण पुन्हा घाबरतात. कोऱ्या डिस्कवर आधी विभागांचा तक्ता आखावा लागतो, त्यासाठी ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडले. ते उघडताच ‘इनिशिअलाइज डिस्क’ अशी खिडकी आली आणि ‘एमबीआर’ की ‘जीपीटी’ असा प्रश्न आला. या खिडकीत फक्त कोऱ्या डिस्कची नावे असावयास हवीत. ज्यात ऐवज आहे अशी एखादी डिस्क तेथे दिसली, तर तिचा तक्ता वाचता येत नाही असा अर्थ होतो, आणि काही न दाबता खिडकी बंद करावी. आमच्याकडे क्रमांक व आकार दोनदा पडताळून पाहिले, मगच पुढे गेलो.

एमबीआरच्या तक्त्यात प्रत्येक जागेचा क्रमांक बत्तीस बिटांत लिहितात. बत्तीस बिटांत ४,२९,४९,६७,२९६ इतकेच क्रमांक मावतात. प्रत्येक जागा ५१२ बाइटांची, म्हणजे एकूण २१,९९,०२,३२,५५,५५२ बाइट. पावतीपुस्तकावर चारच अंकांची चौकट छापली असेल तर ९,९९९ नंतर पावती फाडता येत नाही, तशी ही सुमारे दोन टीबीची मर्यादा. चार टीबीच्या डिस्कला एमबीआर निवडले असते, तर अर्धी डिस्क कायमची पडीक राहिली असती. हा तक्ता १९८३ साली, आयबीएमच्या पीसीला प्रथम हार्ड डिस्क जोडली गेली त्या सुमारास ठरला. त्या ‘एक्सटी’ यंत्राची डिस्क दहा एमबीची होती! आमच्या ध्वनिमुद्रणाला, सीडीच्या प्रतीचे न दाबलेले असेल तर, मिनिटाला साडेदहा एमबी लागतात. म्हणजे त्या डिस्कवर एक ओवी नीट मावली नसती. त्याहीपूर्वी १९५६ साली आयबीएमने जी पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली तिच्यात चोवीस इंची पन्नास तबकड्या होत्या, वजन टनाहून अधिक, आणि मावत होती सुमारे पन्नास लाख अक्षरे. दोन टीबी म्हणजे आकाश, असे १९८३ साली वाटले असल्यास नवल नाही.

म्हणून जीपीटी निवडले. आमचे यंत्र जुन्या बायोसचे असल्याने ते जीपीटी डिस्कवरून बूट होणार नाही, ही गोष्ट खरी. पण बूट होण्याचे काम जुनी डिस्क करीतच आहे, नव्या डिस्क केवळ साठ्यासाठी आहेत, आणि त्या विंडोजला जीपीटीतही वाचता येतात. त्यानंतर प्रत्येकीवर एक विभाग आखून नाव दिले. डिस्क चार टीबीची असून विंडोज ३.६३ टीबी दाखविते, यावरून आमच्याकडे दुकानदाराच्या प्रामाणिकपणाची चर्चा झाली. ती अनाठायी होती. कारखाना हजाराच्या पटीत मोजतो, विंडोज १,०२४ च्या पटीत. पायलीच्या मापात घातलेली ज्वारी शेराच्या मापात काढल्यासारखे आहे. धान्य तेवढेच.

सोमवारी दुपारपासून संग्रह पहिल्या नव्या डिस्कवर उतरविला, मग दुसऱ्या. दोन डिस्क आरशासारख्या जोडून टाकाव्यात, म्हणजे आपोआप दोन प्रती होतील, अशी एक सूचना आली होती. ती आम्ही मानली नाही, कारण आरशात चूकही लगेच उमटते: एका डिस्कवरून फाइल पुसली गेली, की त्याच क्षणी दुसरीवरूनही जाते. त्याऐवजी प्रत्येक फाइलचा ‘शा-२५६’ हा चौसष्ट अक्षरी ठसा तिन्ही ठिकाणी काढून ताडून पाहिला. एक अक्षर इकडचे तिकडे झाले तरी ठसा पार बदलतो. मंगळवारी दुपारी तीन याद्या जुळल्या, फक्त दोन फाइली सोडून. त्या दोन्ही जुन्या डिस्कवरूनच नीट वाचल्या जात नव्हत्या; त्यांतील एक, दारव्हा तालुक्यातील झडत्यांची, पेन-ड्राइव्हवरील शनिवारच्या प्रतीत शाबूत निघाली. दुसरीची गरज पडली नाही, कारण ती मुद्रणापूर्वीच्या चाचणीची होती, तिच्यात नुसता वारा आणि कोंबडा आहे.

दुसरी नवी डिस्क आता यंत्रात नाही. ती वेष्टनात घालून ग्रंथालयातील लोखंडी कपाटात ठेवली आहे, आणि दर सत्राच्या शेवटी बाहेर काढून तिच्यावर नवी भर घालावयाची असे ठरले आहे. कॅबिनेटच्या झाकणाच्या आतील बाजूस एक कागद चिकटविला आहे: कोणती डिस्क कोणत्या खाचेत, बॅटरी केव्हा बदलली, बायोसला कोणती कळ. शाई फिकी पडेल म्हणून तो पेन्सिलीने लिहिला आहे.